प्रेशर कुकरवाल्यांचा व्हॉल्व्ह

चेन्नईच्या कॅथेड्रल रोडवर टीटीके समूहाचं कार्यालय आहे. मराठी घरांना हा समूह ठाऊक आहे तो प्रेस्टीज कुकरमुळे, आणि रात्रभर रडणाऱ्या बाळाला पाजल्या जाणाऱ्या वुडवर्ड्स ग्राइप वॉटरमुळे. टी. टी. कृष्णम्माचारींनी १९२८ साली मद्रासमध्ये सुरू केलेली ही पेढी मुळात एजन्सीची. परदेशी माल आणायचा आणि दक्षिणेतल्या दुकानांत पोचवायचा. पुढे कृष्णम्माचारी राजकारणात गेले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि मुंद्रा या आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात मुंबईला न्यायमूर्ती छागलांच्या चौकशीनंतर त्यांना १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. ते प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. याच घराण्याच्या उद्योगसमूहाने पुढे एक अशी वस्तू बनवायला घेतली जी कुठल्याही दुकानात मांडून ठेवता येत नाही: माणसाच्या हृदयात बसवायची कृत्रिम झडप. आजवर अशा एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांच्या छातीत बसवल्या गेल्या आहेत.

ही झडप टीटीकेने शोधली नाही. ती शोधली तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेतल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी. शोध एकाचा, कारखाना दुसऱ्याचा, ही जोडी आपल्याकडे जमता जमत नाही. इथे ती जमली. त्याच काळात खुद्द मद्रासमध्ये एक दुसरा वैद्यकीय शोध लागला होता. त्याचा गाजावाजा या झडपेपेक्षा कितीतरी मोठा झाला, जगभर झाला, आणि हाती फारसं काही लागलं नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय पहिलीचं मोल कळत नाही. म्हणून दुसरीकडेही येऊ, पण आधी झडप.

हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. दर ठोक्याला झडपा उघडतात, मिटतात. लहानपणी घसा दुखतो, तो एका विशिष्ट जिवाणूमुळे, स्ट्रेप्टोकोकसमुळे असेल आणि त्यावर नीट उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात, धरतात, आणि बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र बऱ्या होत नाहीत. त्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात, नाहीतर गळायला लागतात. विशी-पंचविशीतली मुलगी जिना चढताना थांबते, बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो. पेनिसिलिन आणि बरी घरं आल्यावर अमेरिका-युरोपातून हा रोग ओसरला. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत तो ठाण मांडून राहिला. खराब झडप काढून कृत्रिम बसवणं हा उपाय होता, पण कृत्रिम झडप परदेशातून यायची. ज्या घरात हा रोग होतो त्या घराला ती परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

परदेशात ती कशी तयार झाली हेही पाहण्यासारखं आहे. १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात चार्ल्स हफनागेल यांनी प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यातला चेंडू रुग्णाच्या महाधमनीत बसवला. १९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्तीच्या वयाचे इंजिनिअर ऑरेगनच्या वैद्यकीय महाविद्यालयात अल्बर्ट स्टार या तरुण शल्यचिकित्सकाला भेटले. आपल्याला कृत्रिम हृदय बनवायचंय, असं त्यांचं म्हणणं होतं. स्टारनी त्यांना आधी झडपेवर आणलं. दोनच वर्षांत, १९६० मध्ये, स्टार-एडवर्ड्स झडप माणसात बसली आणि एडवर्ड्स यांची कंपनी ती विकू लागली. विद्यापीठातला डॉक्टर आणि बाहेरचा कारागीर-उद्योजक एका टेबलाशी बसले की काय होतं, याचा हा नमुना.

हफनागेल यांच्या हाताखाली शिकलेल्यांत मावेलिक्कराचे एक मल्याळी डॉक्टर होते, मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन. तिरुअनंतपुरमला वैद्यकीचं शिक्षण, लिव्हरपूलला शल्यविद्या, मग अमेरिका. भारतात परतल्यावर काही काळ ते मद्रासला होते. पेरांबूरचं रेल्वे रुग्णालय आणि आयआयटी मद्रास या दोन्हींशी त्यांचा संबंध आला. पेरांबूरचं रुग्णालय म्हणजे साधंसुधं ठिकाण नव्हे. १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातली पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया तिथेच केली. एका हाताला शस्त्रक्रिया, दुसऱ्या हाताला इंजिनिअरिंग कॉलेज, अशी सोय त्या काळी देशात फार ठिकाणी नव्हती. वलियाथन यांच्या डोक्यात पुढे जे शिजलं त्याला ही सोबत कारण झाली असावी, असं मला वाटतं.

केरळचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांनी त्यांना तिरुअनंतपुरमला बोलावलं. त्रावणकोरच्या राजघराण्याने एक इमारत देऊ केली होती, तिचं काय करायचं हा प्रश्न होता. तिथे हृदय आणि मेंदूचं रुग्णालय उभं राहिलं, तीच श्री चित्रा संस्था. १९८० मध्ये संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला, स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार दिला. संस्थेचं वेगळेपण मात्र रुग्णालयात नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, पूजप्पुरा इथल्या सॅटेलमंड राजवाड्यात, तिचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग होता. हा वाडा महाराणी सेतू लक्ष्मीबाईंचा. त्या राजा रविवर्म्याच्या नात. त्या वाड्यात आता लेथ आले, प्लॅस्टिकच्या चाचण्यांची यंत्रं आली, आवारात प्रयोगांसाठी मेंढ्या आल्या.

परदेशी झडप विकत घेणं सोपं होतं. आयातीचा परवाना, परकीय चलन, झालं. अनेकांचा सल्ला तोच होता. वलियाथन यांनी उलट धरलं, आणि जी. एस. भुवनेश्वर या इंजिनिअरच्या हाती रचनेची जबाबदारी दिली. रचना 'कलत्या चकती'ची ठरली. एक धातूचं कडं, त्यात दोन बारीक दांड्यांमध्ये अडकलेली एक गोल चकती. रक्ताचा लोट आला की चकती कलते, वाट मोकळी होते. लोट मागे फिरू लागला की ती आडवी होऊन वाट बंद करते. कड्याभोवती विणलेल्या पॉलिएस्टरची पट्टी, ती हृदयाच्या स्नायूला टाक्यांनी शिवायची. सगळं मिळून अंगठ्याच्या पेरात मावेल एवढंच. कागदावर काढायला अर्धा तास पुरेल.

बनवायला वर्षं गेली, कारण ही वस्तू वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडायची आणि मिटायची असते, आणि एकदाही चुकायची नसते. कुकरचा व्हॉल्व्ह उडाला तर स्वयंपाक राहतो. इथे व्हॉल्व्ह अडकला तर काही मिनिटांत माणूस जातो. शिवाय रक्त हे चमत्कारिक द्रव आहे. परका पृष्ठभाग दिसला की ते त्यावर गोठतं, आणि गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. चकती फार कठीण असेल तर ती दांड्याला झिजवते, फार मऊ असेल तर स्वतः झिजते. धातू हलका हवा, गंजायला नको, चुंबकत्व नको. या अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात.

पहिले तीन नमुने बाद झाले. एकात सांगाड्याने दगा दिला. एकात झीज नको तितकी झाली. एकात चकती नीलमाची होती. नीलम म्हणजे अंगठीतला खडा नव्हे, कारखान्यात वाढवलेला एकस्फटिकी नीलम. कठीण, गुळगुळीत, रक्ताशी फारसं न भांडणारा. कागदावर याहून चांगलं काही नव्हतं. मेंढीच्या हृदयात बसवल्यावर चकती फुटली आणि मेंढी गेली. कठीण पदार्थ झिजत नाही, पण फुटतो. हे कुठल्याही धातुशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तकात वाचणं आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर चकतीचे तुकडे वेचणं, यांत फरक आहे.

इथे प्रकल्प गुंडाळला गेला असता तर कुणी दोष दिला नसता. पैसा सरकारी, वर्षं उलटलेली, हाती तीन अपयशं. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प याच टप्प्यावर एक अहवाल लिहून फायलीत जातात. संस्थेने चौथा नमुना घेतला. नीलम सोडला, आणि चकतीसाठी चक्क प्लॅस्टिक निवडलं: अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन, जे कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वर्षानुवर्षं घासत असतं आणि टिकतं. सांगाड्याला 'हेन्स २५' हा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, जो जेट इंजिनाच्या तापलेल्या भागांत वापरतात. आणि सांगाडा जोडकामाचा नाही. एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेला.

ही शेवटची गोष्ट बारीक वाटेल, पण तिचं महत्त्व पाहायला तेव्हाच्या कॅलिफोर्नियाकडे बघावं लागतं. फायझरच्या मालकीची शायली कंपनी १९७९ पासून एक नवी कलत्या चकतीची झडप विकत होती. नावाजलेले स्वीडिश शल्यचिकित्सक व्हिकिंग ब्यर्क यांचं नाव तिला जोडलेलं होतं. जगभरात सुमारे ८६ हजार रुग्णांना ती बसवली गेली. तिच्यातला एक दांडा कड्याला वेल्डिंगने जोडलेला असायचा. काही झडपांत ते वेल्डिंग सुटू लागलं, दांडा तुटला, चकती निसटली. शेकडो जणांच्या छातीत हे घडलं आणि त्यांतले बहुसंख्य दगावले. १९८६ मध्ये कंपनीला झडप बाजारातून मागे घ्यावी लागली, पुढे नुकसानभरपाईचे खटले वर्षानुवर्षं चालले. पैसा, अनुभव, नाव, बाजारपेठ, सगळं होतं. तरी जोड तुटला. विकायची घाई आणि चाचणीचा कंटाळा एकत्र आले की असं होतं.

तिरुअनंतपुरमच्या चौथ्या झडपेला आधी यंत्रात घातलं. हे यंत्र खारट पाण्यात झडपेची उघडझाप हृदयापेक्षा कितीतरी वेगाने करत राहतं. पस्तीस कोटींहून अधिक वेळा, म्हणजे हृदयाच्या हिशेबाने साडेनऊ-दहा वर्षं, ती चालवली. मग मेंढ्या. मग कुठे ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली.

यानंतरचा टप्पा वर्तमानपत्रांत कधी येत नाही, पण खरी परीक्षा तीच असते. आपल्या संस्थेत आपल्या सर्जनने बसवलेली झडप चालली, यावर दुसऱ्या गावचा सर्जन विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. म्हणून देशातल्या सहा रुग्णालयांत चाचणी झाली. डिसेंबर १९९० ते जानेवारी १९९५ या काळात ३०६ रुग्ण: २०५ जणांची मायट्रल झडप बदलली, १०१ जणांची महाधमनीची. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर या अभ्यासाच्या लेखकांत मुंबईच्या डॉ. रत्ना मगोत्रा होत्या. केईएममध्ये त्यांनी हृदयशस्त्रक्रिया विभाग सांभाळला. परळच्या त्या वॉर्डांत कोकण-खानदेशापासूनचे ऱ्हुमॅटिक रुग्ण येतात, त्यामुळे स्वस्त झडपेची निकड कुणी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. २००१ मध्ये निकाल एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. गुठळ्यांचा त्रास झाला, जसा सगळ्याच यांत्रिक झडपांत होतो आणि ज्यासाठी रुग्णाला रक्त पातळ ठेवायची गोळी आणि रक्त गोठण्याची (आयएनआर) तपासणी जन्मभर मागे लागते. पण झडप तुटल्याची, चकती निसटल्याची एकही घटना नव्हती.

आता कुकरवाले. संस्थेकडे नमुना होता, चाचण्या होत्या, पण संस्था कारखाना चालवू शकत नव्हती. दहा झडपा हुशार तंत्रज्ञ हाताने बनवू शकतो. वर्षाला हजारो झडपा, प्रत्येक सारखी, निर्जंतुक, क्रमांकित, कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटमधून आली याची नोंद असलेली, हे निराळं काम आहे. त्यात नफा कधी दिसेल ते सांगता येत नाही. परदेशी कंपन्यांचे प्रतिनिधी सर्जनांच्या दारात उभे असतात, आणि 'भारतीय झडप' म्हटल्यावर सर्जनच्या कपाळावर आठी येते. औषधं, ग्राइप वॉटर, निरोध असा माल बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या टीटीकेने हे अंगावर घेतलं. कारखाना चेन्नईला नेला नाही, तिरुअनंतपुरमलाच ठेवला. माझ्या मते हा या कथेतला सगळ्यात शहाणा निर्णय. झडपेत काही खोट निघाली तर ती रचणारे लोक रिक्षाच्या अंतरावर होते. १९९५ पासून 'टीटीके चित्रा' या नावाने ती विकली जाऊ लागली, आयात झडपेच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीला. प्लॅस्टिकच्या चकतीमुळे तिची टिकटिकही कमी ऐकू येते. रात्री आपल्याच छातीतला आवाज ऐकत पडणाऱ्या रुग्णाला विचारा, ही गोष्ट लहान नाही.

त्याच राजवाड्यातून रक्ताची पिशवीही बाहेर पडली. काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, त्यामागे नोकरी सोडलेले सनदी अधिकारी सी. बालगोपाल आणि त्यांची पेनिन्सुला पॉलिमर्स कंपनी होती. पुढे जपानच्या टेरुमोने तीत भागीदारी घेतली. म्हणजे झडपेचं यश मटक्याचा आकडा लागल्यासारखं नव्हतं.

आता मद्रासची दुसरी गोष्ट. तारामणीत मद्रास विद्यापीठाची मूलभूत वैद्यकीय विज्ञानाची संस्था आहे. तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. पी. त्यागराजन हिपॅटायटिस बीवर काम करत होते. तमिळनाडूत काविळीवर 'कीळानेल्ली' देतात. आपल्या खेडोपाडी बांधावर उगवणारी भुईआवळी तीच. कोकणात, देशावर, कुठेही काविळीचं औषध देणारा वैदू शोधा, त्याच्या झोळीत ही असतेच. हिपॅटायटिस बीचा विषाणू ओळखल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले बारूक ब्लमबर्ग यांनी या वनस्पतीत रस घेतला. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यागराजन, ब्लमबर्ग आणि सहकाऱ्यांचा लेख आला. वाळवलेल्या भुईआवळीची पूड तीस दिवस दिल्यावर ३७ पैकी २२ वाहकांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठ-अँटिजेन, म्हणजे विषाणू अंगात असल्याची खूण, नाहीसा झाला होता. औषधासारखी दिसणारी निरुपयोगी पूड घेतलेल्या २३ जणांत असा फक्त एक.

खळबळ उडाली. उडणारच. नोबेलविजेता, लॅन्सेट, अंगणातलं झुडूप आणि कोट्यवधी रुग्ण, एवढं एका बातमीत कधी येतं? काविळीची 'वैज्ञानिक' चूर्णं आणि सिरपं दुकानांत दिसू लागली. पण इतर ठिकाणी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तोच निकाल येईना. त्या प्रयोग करणाऱ्यांत मुंबईचेही होते. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांची चाचणी घेतली आणि १९९४ मध्ये सरळ लिहिलं की पृष्ठ-अँटिजेन जात नाही. असं लिहायला धाडस लागतं, कारण हे लोक आयुर्वेदाचे शत्रू नव्हते, त्यातलेच होते. २०११ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही खात्रीलायक पुरावा हाती आला नाही.

भुईआवळीत काहीच नाही असं मी म्हणत नाही. कुठल्या मातीतली, कुठल्या ऋतूत तोडलेली, कशी वाळवलेली, तिच्यात नेमकं कोणतं द्रव्य किती, हे प्रश्न झडपेच्या धातूइतक्या चिकाटीने कुणी सोडवायला हवे होते. ३७ आणि २३ म्हणजे एकूण ६० माणसं. तेवढ्यावर जग पेटलं, आणि पुढचं कंटाळवाणं काम करायला कुठला चौथा नमुना, कुठला कुकरवाला उभा राहिला नाही. चूर्ण तर आधीच विकलं जात होतं. मग ते सिद्ध करण्यात पैसा कोण घालणार?

वलियाथन यांना हे दिसत असावं. १९९४ मध्ये श्री चित्रा सोडल्यावर ते मणिपालला कुलगुरू झाले, आणि नंतर या हृदयशल्यज्ञाने चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. नुसतं गुणगान करून ते थांबले नाहीत. आयुर्वेदातल्या कल्पना प्रयोगशाळेत तपासायचा सरकारी उपक्रम त्यांनी चालवला. प्रकृती आणि जनुकांचा संबंध शोधणारा एक अभ्यास त्यातून २०१५ मध्ये छापून आला, त्यात पुण्याचे भूषण पटवर्धन होते. १७ जुलै २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मणिपालला वलियाथन गेले.

तारामणीच्या त्याच परिसरात आज आयआयटी मद्रासचं रिसर्च पार्क उभं आहे, विद्यापीठाच्या आवारालगत उद्योगांना जागा देणारं देशातलं पहिलं. त्यात वैद्यकीय उपकरणांचं स्वतंत्र केंद्र आहे, डोळ्यांच्या तपासणीची यंत्रं तिथून बाहेर पडली आहेत. नवउद्योगांना आधार देणारे असे इनक्युबेटर आता पुण्यातही आहेत, मुंबईतही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याची नवउद्योजकांसाठी सगळ्यात लोकप्रिय मदत म्हणजे ५० लाखांपर्यंतचं अनुदान, मुदत अठरा महिने. कल्पना कागदावरून टेबलावर आणायला ते ठीक आहे. झडपेला मात्र सत्तरच्या दशकाअखेरीपासून १९९५ पर्यंतचा काळ लागला, आणि त्यातला मोठा हिस्सा काहीही दाखवण्यासारखं हाती नसताना गेला. अनुदानाचे नियम ठरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की मेंढी मेल्यानंतरच्या वर्षांसाठीही पैसे बाजूला ठेवा.